निळा ड्रम, काळा पट्टा आणि उसाचा काटा

या वेळी आलेली बहुतेक पत्रे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली आहेत, आणि ती सगळी एकाच जातीची. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस, उसामुळे साखर कारखाने, पाठोपाठ दूधधंदा आणि एमआयडीसी, असा हा पट्टा. कारखान्यात जन्मलेली किंवा तिथे झिजलेली वस्तू इथे फार लवकर गोठ्यात, मोरीत आणि अंगणात येऊन पडते. मग लोक विचारतात, ही वापरावी का? त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : घर बांधताना पाणी साठवायला भंगारवाल्याकडून दोन निळे प्लॅस्टिकचे ड्रम घेतले. आत आधी काय होते ते त्यालाही सांगता येईना. साबणाने, सोड्याने, चिंच लावूनसुद्धा धुतले. आता बांधकाम संपले. हे ड्रम पिण्याच्या पाण्याला वापरू का? (एक गृहिणी, पणदरे)

नको. उत्तर एवढेच आहे, पण कारण नीट समजून घ्या, कारण हे ड्रम आता घरोघरी आहेत.

ड्रमचे प्लॅस्टिक स्वतः वाईट नाही. ते उच्च घनतेचे पॉलिएथिलीन असते. बुडाशी त्रिकोणात २ हा आकडा उठवलेला दिसेल. दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या टाक्याही याच कुळातल्या. अडचण अशी की हे प्लॅस्टिक काचेसारखे घट्ट बंद नसते. त्याच्या साखळ्यांमध्ये सूक्ष्म जागा असतात आणि तेलकट, विद्रावकांच्या जातीची रसायने तिथे हळूहळू मुरतात. आम्ल किंवा कॉस्टिक पाण्यात विरघळते, धुतले की बहुतांश निघून जाते. पण कीटकनाशक, थिनर, रंगाचे द्रावक, वंगणतेलातले घटक भिंतीत शिरून बसतात आणि पुढे कित्येक महिने थोडेथोडे पाण्यात उतरत राहतात. तुम्ही चिंच लावून धुतलीत ती आतली पृष्ठभागाची कातडी. मुरलेल्या मालापर्यंत चिंच पोचत नाही.

आता ड्रमच्या अंगावरचे अक्षर वाचायला शिका. भंगारवाल्याला माहीत नसले तरी ड्रमला बरेच माहीत असते. वरच्या किंवा बाजूच्या भागात एका छोट्या वर्तुळात ‘यू’ आणि ‘एन’ ही इंग्रजी अक्षरे एकाखाली एक दिसतील. ती संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालवाहतुकीच्या नियमांची खूण. तिच्यापुढे १एच१ असेल तर ड्रम प्लॅस्टिकचा आणि फक्त बुचांचा. १एच२ असेल तर झाकण पूर्ण निघणारा. १ए१ असेल तर लोखंडी. मग एक्स, वाय किंवा झेड. एक्स म्हणजे अतिधोकादायक मालालाही चालणारा, झेड म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य मालाचा. शेवटी उत्पादनवर्षाचे दोन आकडे आणि देशाचे नाव. ही खूण आहे म्हणजे आत विष होते असे सिद्ध होत नाही, कारण काही जण असे ड्रम साध्या मालालाही वापरतात. पण ज्या ड्रमला धोकादायक मालासाठी बनवले, त्यात धोकादायक माल गेला असण्याची शक्यता धरूनच चालावे.

लेबलाचा तुकडा उरला असेल तर तो खरवडून टाकू नका. आधी वाचा. लाल कडेचा चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला, आत कवटी, किंवा माणसाच्या छातीवर चांदणी, किंवा वाळलेले झाड आणि मेलेला मासा, यांपैकी काहीही दिसले तर तो ड्रम घरात येता कामा नये. शेतीच्या औषधांवरचे रंगीत चौकोन तुम्हाला ओळखीचे आहेतच : लाल, पिवळा, निळा, हिरवा, उतरत्या विषारीपणाने. हिरवा म्हणजे निर्धोक, असे समजणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तो फक्त ‘त्यातल्या त्यात कमी’ आहे.

‘उन्हात पाणी भरून ठेवून वास घ्या’ असा उपाय लोक सांगतात. वास आला तर ड्रम टाकावा, हे बरोबर. पण वास आला नाही तर चांगला, हे चूक. पुष्कळ विषांना वासच नसतो.

कायदाही याबाबतीत स्पष्ट आहे. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे, डबे आणि अस्तरे यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ती घातक कचरा ठरतात. कारखान्याने ती परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायची असतात. रस्त्याकडेला रांगेने मांडलेले ड्रम तिथवर कसे येतात, हा प्रश्न महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारण्यासारखा आहे.

मग काय वापरावे? पिण्याच्या पाण्याला आयएस १२७०१ छापलेली टाकी घ्या. जुनाच ड्रम हवा असेल तर द्रव ग्लुकोज, फळांचा गर किंवा खाद्यतेल वापरणाऱ्या उद्योगाकडून, लेबलासह घ्या. तुमचे दोन ड्रम बांधकामाला, गाडी धुवायला, शौचालयाला राहू द्या. जनावरांच्या पाण्याला नको. गायीच्या पोटातून पुढे दुधात काय जाते हे वेगळे सांगायला नको.

जीवामृताला असा ड्रम चालेल का, असे सणसरच्या एका शेतकऱ्याने विचारले आहे. तणनाशकाचा असेल तर मुळीच नाही. टू-फोर-डी या तणनाशकाचा नुसता अंश लागला तरी डाळिंब, द्राक्ष, कापूस यांची पाने वाकडी होतात आणि दोष मात्र हवामानाला जातो.

लोखंडी पिंपाचे वेगळेच. पूर्वी डांबराची पिंपे फोडून सपाट केलेले पत्रे छपराला आणि न्हाणीच्या आडोशाला सर्रास वापरत. आता डांबर टँकरने येते, म्हणून ते कमी झाले. पण अजूनही लोखंडी ड्रम अर्धा कापून गव्हाण किंवा चूल करण्यासाठी लोक वेल्डिंगच्या दुकानात नेतात. थिनर, डिझेल, स्पिरिटचे रिकामे पिंप भरलेल्या पिंपापेक्षा घातक असते. भरलेल्यात हवा नसते. रिकाम्यात उरलेली वाफ आणि हवा यांचे मिश्रण तयार असते आणि गॅस कटरची ठिणगी त्याला पुरते. दरवर्षी देशात कुठे ना कुठे असा स्फोट होतो आणि वेल्डर जातो. आत काय होते हे माहीत नसेल तर त्या पिंपाला कटर लावूच नये.

प्रश्न : हंगाम सुरू झाला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण पडतात. कारखान्याच्या धुराड्यातून मात्र पांढरा धूर दिसतो. मग काळे कुठून येते? (माळेगाव परिसरातील वाचक)

पांढरे दिसते तो बराचसा धूर नसून पाण्याची वाफ असते. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस निघतो आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग पाणी असते. गिरणीतून निघालेला हा ओला भुसा थेट बॉयलरमध्ये जातो. साखर कारखाना बाहेरचा कोळसा न घेता चालतो तो याच्या जिवावर. किलोभर बगॅस जाळला की दोन-सव्वादोन किलो वाफ मिळते. तिच्यावर टर्बाइन फिरतात, रस आटतो, आणि उरलेली वीज सहवीज प्रकल्पातून महावितरणला जाते. जळताना भुशातले सगळे पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघते आणि हिवाळ्याच्या सकाळच्या हवेत पांढरे दिसते. ओळखण्याची खूण सोपी आहे. वाफ थोड्या अंतरावर विरून नाहीशी होते. धूर असेल तर तो काळपट पट्टा होऊन लांबवर तरंगत राहतो.

कपड्यांवर पडतात ते अर्धवट जळलेले तंतू. बगॅस हलका असतो. भट्टीतल्या हवेच्या झोताबरोबर काही तंतू पूर्ण जळण्याआधीच वर उडतात. त्यांना अडवण्यासाठी धुराड्याच्या आधी पाण्याचे फवारे, पिशव्यांच्या गाळण्या किंवा विजेच्या भाराने राख ओढून घेणारी यंत्रणा बसवलेली असते. ती नीट चालत असेल तर कण फार थोडे येतात. रोज अंगण काळे होत असेल तर ती यंत्रणा बंद आहे, अपुरी आहे, किंवा भट्टीत हवा आणि भुसा यांचा मेळ बसलेला नाही. तक्रार करताना तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून द्या. मोघम तक्रारीला मोघमच उत्तर येते.

कपड्यांवरचे कण ओल्या हाताने पुसू नका, कोळसा धाग्यात चोळला जातो. वाळल्यावर झटका. डोळ्यात गेला तर चोळू नका, पाण्याने धुवा. त्या राखेत वाळूच्याच जातीची सिलिका भरपूर असते आणि ती बुबुळाला ओरखडते.

लग्नाच्या पंगतीत हल्ली ज्या पांढरट, न गळणाऱ्या ताटल्या येतात त्या पुष्कळदा याच बगॅसच्या लगद्याच्या असतात. कागद आणि फर्निचरच्या फळ्याही त्यापासून होतात. आपल्याकडे मात्र बहुतेक बगॅस बॉयलरच खातो.

प्रश्न : गोठ्यात खडी क्रशरवरचा जुना काळा पट्टा अंथरायचा विचार आहे. गायींना त्रास होईल का? नवीन मॅट परवडत नाही. (दूध उत्पादक, सांगवी)

पट्टा जरूर अंथरा, पण निवडून घ्या आणि तयार करून घ्या.

कन्व्हेअरचा पट्टा म्हणजे नुसते रबर नव्हे. वरखाली रबराचे थर आणि मध्ये नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या जाड विणीचे दोन-चार पदर. ताण सगळा हे पदर घेतात. काही भारी पट्ट्यांत पदरांऐवजी पोलादी तारा असतात. असा पट्टा गोठ्यात नको, कारण कड झिजली की तार बाहेर येते आणि सडाला किंवा खुराला लागते. विकत घेण्याआधी कापलेली कड उजेडात धरून बघा. कापडाचे पदर दिसले तर घ्या, तारा दिसल्या तर सोडा.

गाय दिवसातले दहा-बारा तास बसून काढते. सिमेंटच्या कोब्यावर तिचे गुडघे आणि कोपरे घासतात, सूज येते, ती बसायला कचरते आणि रवंथ कमी होतो. त्यामुळे पट्ट्याचा फायदा खरा आहे. तोटा एकच, पण मोठा : गुळगुळीत पट्टा मूत आणि शेणाने ओला झाला की घसरडा होतो. गाभण गाय घसरली तर नुकसान पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट. म्हणून पट्ट्याची बाजू बघून घाला. ज्या बाजूला माल वाहिला जात होता ती खडबडीत, झिजलेली बाजू वर येऊ द्या. तीही गुळगुळीत असेल तर ग्राइंडरने आडवे-उभे चर पाडून घ्या. पट्ट्याला मुतारीकडे थोडा उतार ठेवा आणि आठवड्यातून एकदा तो उचलून खालचा कोबा धुवा. खाली साचलेल्या मुताचा अमोनिया जनावराच्या नाकाशीच सुटतो आणि खुरांना सडवतो.

पट्टा कशावर होता तेही विचारा. खडी, कोळसा, बगॅस, साखरेची पोती, यांपैकी काहीही असेल तर ब्रशने धुऊन चालेल. रासायनिक खत किंवा औषधनिर्मितीच्या कारखान्यातला असेल तर घेऊ नका. तुकडे उरले तर ट्रॉलीच्या चाकामागे चिखलाची पाटी म्हणून लावा, मोटारीच्या फाउंडेशनखाली थरथर कमी करायला घाला. जाळू मात्र नका. थंडीत शेकोटीला टायर आणि पट्टे घालतात, त्या धुराचा त्रास शेकणाऱ्यांनाच आधी होतो.

प्रश्न : नवीन स्टीलच्या दुधाच्या किटलीला लोहचुंबक चिकटतो. दुकानदाराने फसवले का? (वाचक, कोऱ्हाळे)

चुंबकाच्या परीक्षेवर फार भिस्त ठेवू नका. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते; हवेशी संयोग होऊन त्याचा अदृश्य पापुद्रा बनतो आणि तोच गंज अडवतो. दुधाच्या कूलरला वापरतात त्या ३०४ जातीत अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. तिला चुंबक चिकटत नाही, पण दाबून वाकवलेल्या काठाला थोडा ओढतो. ४३० जातीला चिकटतो, तरी ती खरी स्टेनलेसच. उलट निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या २०० मालिकेतल्या स्वस्त पोलादाला चुंबक चिकटत नाही आणि गंज मात्र लवकर लागतो. म्हणजे चुंबक न चिकटणारी किटली उलट हलकी निघू शकते. पावतीवर जात लिहून घ्या. आणि कोणत्याही स्टीलच्या भांड्यात ब्लीचिंग पावडरचे पाणी रात्रभर ठेवू नका, क्लोरीन त्या पापुद्र्याला भोके पाडतो.

प्रश्न : उसाचा इलेक्ट्रॉनिक काटा नेमका वजन कसे करतो? त्यात मारता येते का? (शेतकरी, वडगाव निंबाळकर)

जुन्या काट्यात तरफा असत, त्यावर वजने सरकवून तोल साधत. आता फळीखाली चार, सहा किंवा आठ ‘लोड सेल’ असतात. लोड सेल म्हणजे पोलादाचा एक ठोकळा. ट्रॉली चढली की तो दबतो, पण डोळ्याला कळणार नाही इतका. त्याच्या अंगावर धातूची अतिशय पातळ, नागमोडी पट्टी चिकटवलेली असते. ठोकळ्याबरोबर ती पट्टी ताणली किंवा आकसली की तिचा वीजरोध बदलतो. तो बदल मोजून, सगळ्या सेलची बेरीज करून यंत्र किलोचा आकडा दाखवते. ही पट्टी अमेरिकेत १९३८ मध्ये सिमन्स आणि रूग या दोघांनी एकमेकांना न विचारता शोधली. किराणा दुकानातल्या काट्यात आणि दवाखान्यातल्या वजनाच्या पाटीवरही तीच असते. उसाच्या काट्यात ती जास्त भार पेलते, एवढाच फरक.

लोड सेल स्वतःहून खोटे बोलत नाही. गडबड होते ती तिच्या भोवती. फळी आणि कडेची चौकट यांच्या फटीत पाचट आणि चिखल अडकला की फळी टेकते आणि वजन कमी भरते. ट्रॉलीचे एखादे चाक फळीबाहेर राहिले तरी तेच. भरलेले वजन आणि रिकामे वजन यांतली वजाबाकी म्हणजे तुमचा ऊस. त्यामुळे रिकामे वजन दर खेपेला नव्याने होते का, हे बघणे भरलेल्या वजनाइतकेच महत्त्वाचे. आकडा दाखवणाऱ्या यंत्रात आणि संगणकात हात घालता येतो, हेही खरे. म्हणूनच त्यांना सील असते आणि हंगामात भरारी पथके फिरतात.

तुम्ही काय करू शकता? ट्रॉली चढण्याआधी पडद्यावर शून्य आहे का बघा. शक्य असेल तर तीच गाडी फळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी उभी करून तीन वजने घ्या; ती सारखी आली पाहिजेत. तीन जागी तीन आकडे आले तर काटा दुरुस्तीला आला आहे. काट्याच्या खोलीत वैधमापनाचे चालू वर्षाचे प्रमाणपत्र लावलेले असते, ते वाचा. वैधमापन अधिनियम २००९ आणि त्याखालच्या नियमांनुसार अशा काट्याची दरवर्षी पडताळणी करून मुद्रा मारून घ्यावी लागते. काटा दहा-वीस किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो, म्हणून दोन काट्यांवर तेवढा फरक येणे ही चोरी नव्हे. फरक क्विंटलमध्ये गेला की मात्र वैधमापन निरीक्षकाकडे लेखी जा.

आणि एक नुकसान काट्याचे नसते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की दिवसाला टक्का-दोन टक्के वजन पाण्यावाटे उडून जाते. शेतात भरलेली ट्रॉली दोन दिवस नंबराला थांबली तर काट्यावर काय होणार ते उघड आहे. काट्याबद्दल जेवढे भांडण होते तेवढे या थांबण्याबद्दल होत नाही, हे मला नेहमी विचित्र वाटते.

प्रश्न : साखर पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरतात असे ऐकले. मग उपासाला चालते का? (वाचक, लासुर्णे)

गोष्ट खोटी नाही, पण आपल्या कारखान्यांना लागू नाही. युरोप-अमेरिकेतल्या शुद्धीकरण कारखान्यांत जनावरांची हाडे भाजून केलेला कोळसा रंग शोषायला पूर्वापार वापरत. स्वदेशीच्या काळात परदेशी साखरेवर बहिष्कार घालताना हा मुद्दा आपल्याकडे जोरात मांडला गेला आणि लोकांच्या डोक्यात राहिला.

महाराष्ट्रातले कारखाने बहुतांशी चुना आणि गंधक यांवर साखर करतात. रसात चुन्याची निवळी घालतात. तिने आम्ल मरते आणि माती, मेण, प्रथिने यांचा साका धरतो. मग गंधक जाळून केलेला वायू रसात सोडतात. त्याने जादा चुना खाली बसतो आणि रसाचा रंग फिका होतो. टनभर उसाला दीड-दोन किलो चुना आणि अर्धा किलोच्या आसपास गंधक लागतो. साका गाळून उरते ती प्रेसमड, जी तुम्ही शेतात टाकता. शुद्धीकरण करणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्यांत रंग काढायला विशिष्ट रेझिन किंवा वनस्पतिजन्य कोळसा असतो. तेव्हा उपासाला खुशाल चालू द्या.

हाच चुना मोरचुदाबरोबर घेऊन इंदापूरचे डाळिंबवाले बोर्डो मिश्रण करतात : एक टक्क्याचे हवे तर १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. आणि तोच गंधक द्राक्षाच्या भुरीवर चालतो.

गुळाची गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे. गुऱ्हाळात रस निवळायला रानभेंडीचा चिकट रस घालण्याची जुनी रीत उत्तम. पण गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही जण हायड्रॉस टाकतात. ते कापड गिरणीत रंग उतरवण्याचे रसायन आहे. त्याने आलेला पिवळेपणा काही आठवड्यांत काळवंडतोच, आणि गंधकाचे संयुग गुळात राहते ते राहतेच. तेव्हा गूळ तांबूस-काळपट असेल तर नाक मुरडू नका. गिऱ्हाईकाला पिवळा गूळ आवडतो तोवर गुऱ्हाळवाला हायड्रॉस सोडणार नाही.

प्रश्न : साखर कारखान्याची यंत्रे बनवणाऱ्यांनी चांद्रयानाच्या रॉकेटचे भाग केले, हे खरे का? (शाळकरी विद्यार्थिनी, इंदापूर तालुका)

अगदी खरे, आणि तेही तुझ्याच तालुक्यात. वालचंदनगर हे गाव पूर्वीच्या कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी उसासाठी वसवले. सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ जहाज, विमान आणि मोटार, तिन्हींचे कारखाने भारतात काढण्याच्या मागे लागले होते. उसाबरोबर गिरणीची दुरुस्ती आली, दुरुस्तीतून यंत्रे बनवणे आले. तिथल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने पुढे साखर आणि सिमेंटच्या कारखान्यांची अवजड यंत्रे केली, आणि इस्रोच्या रॉकेटच्या मोटारींची कवचेही. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटला दोन्ही बाजूंना जे जाड बूस्टर होते, त्यांच्या कवचाचे भाग इथे तयार झाले.

साखर आणि रॉकेट यांचा संबंध काय, असे वाटेल. यंत्रशाळेच्या नजरेने बघ. साखरेचा रस आटवण्याचे पॅन, बॉयलरचा ड्रम आणि रॉकेटचे कवच, तिन्ही म्हणजे जाड पत्रा वाकवून, सांधून केलेली नळकांडी. आतला किंवा बाहेरचा दाब सहन करणारी. पत्रा गोल वळवणे, सांधा जोडणे, क्ष-किरणांनी सांध्यातली भेग शोधणे, भट्टीत तापवून ताण काढणे, शेवटी पाणी भरून दाब देऊन तपासणे, ही कामाची साखळी तीच. फरक पोलादात आणि चुकीला किती जागा आहे त्यात. पॅनचा सांधा झिरपला तर हंगामात एक पाळी बुडते; रॉकेटच्या कवचाचा सांधा फुटला तर रॉकेटच जाते.

या बूस्टरचा व्यास ३.२ मीटर आणि आत सुमारे २०० टन घन इंधन. कवचाचे पोलाद मॅरेजिंग जातीचे : अठरा टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम, थोडे टायटॅनियम, आणि कार्बन जवळपास नाहीच. साध्या पोलादाला कठीणपणा कार्बन देतो. इथे ते काम धातूंच्या सूक्ष्म कणांनी होते, सुमारे ४८० अंशांवर काही तास ठेवल्यावर. आधी ते मऊ असल्यामुळे वाकवता आणि सांधता येते, नंतर कठीण करता येते. इमारतीच्या साध्या पोलादाच्या सहा-सात पट ताण ते सोसते. जमिनीवर हे पोलाद पाहायचे असेल तर तलवारबाजीच्या स्पर्धा बघ. तिथली बरीच पाती याच जातीची असतात, म्हणजे ती सहसा मोडत नाहीत.

पुढच्या वेळी ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी पाइप आणि जळणाऱ्या मोटारी यांवरचे प्रश्न घेणार आहे. पत्र पाठवताना वस्तूवर छापलेला किंवा उठवलेला मजकूर, आकड्यांसकट, जसाच्या तसा उतरवून पाठवा; वाचता येत नसेल तर त्या जागेचा फोटो जोडा. त्याशिवाय आलेल्या प्रश्नांना उत्तर देणे अवघड जाते.